दार फिरवलेलं देऊळ

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हाती कधी लागलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही नगरकडच्या एका वस्तीवर, अर्धी जनावरांमागे झालेली. अक्षर म्हणाल तर रोपाच्या वाफ्यात कोंबड्या शिरून गेल्यासारखं आहे. कुणी वाचणार नाही म्हणूनच लिहायला धजले. चुकून वाचलंच कुणी, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.

परवा पुण्याची काही मंडळी आमचं देऊळ बघायला आली. आम्ही इथले लोक चर्चला देऊळच म्हणतो. मंडळी रस्त्यानं सरळ वर आली, चार दगडी पायऱ्या चढली आणि भिंतीसमोर उभी राहिली. नवीन माणूस तिथंच जाऊन उभा राहतो. पायऱ्या आहेत, कमान आहे, वर घंटा आहे, आणि दाराच्या जागी काळ्या दगडाची भिंत. त्यांनी मला विचारलं, "आजी, दार कुठं आहे?" मी हातानं पलीकडची बाजू दाखवली. "मग हे असं का?" मला सगळं ठाऊक होतं, पण अनोळखी माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. "चहा ठेवते," म्हणून आत पळाले. चहा उकळेपर्यंत ती निघून गेली. तो चहा मी एकटीनं प्याले, आणि मग वाटलं, बोलता येत नाही तर लिहून तरी ठेवावं.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन मुळशीत आले. इथली आमची ख्रिस्ती घरं मूळची नगरकडचीच. मुळशीच्या धरणाचं काम निघालं तेव्हा ही माणसं खडी फोडायला आली, काम संपल्यावर बरीचशी परत गेली आणि पंधरा-एक घरं इथंच राहिली. लोकांची खाचरं करून, दगडाची कामं करून जगली. त्यांचं देऊळ म्हणजे एक गवती छप्पर होतं. महिन्यातून एकदा पुण्याहून फादर यायचे आणि मिस्सा, म्हणजे आमची मोठी उपासना, करायचे. बाकीचे दिवस सगळं माझ्या सासऱ्यांकडं असायचं. मी त्यांना मामंजी म्हणायची, पण गाव त्यांना मास्तर म्हणायचं. पोरांना प्रार्थना शिकवायची, आजाऱ्यापाशी बसायचं, रविवारी सगळ्यांना गोळा करायचं, ही त्यांची कामं. माणूस उंच, आवाज मोठा, आणि फादरांवर अशी श्रद्धा की फादर म्हणाले आज अमावस्या, तर हे चांदण्यात कंदील लावून बसले असते.

मी आले त्याच वर्षी मिशननं पक्क्या देवळाला पैसे दिले. फादर परदेशातले होते. आधी बरीच वर्षं नगरकडं होते आणि तिथं त्यांनी देवळं बांधली होती. तिथलाच नकाशा त्यांनी इथं आणला. दिवाळीनंतर जोत्याची आखणी निघाली. गवंडी नांदे गावचा होता. मी भाकऱ्या घेऊन गेले होते, तर तो आखणीच्या पांढऱ्या फक्कीची पाटी हातात धरून तसाच उभा.

"मास्तर, दार मावळतीला?"

"व्हय."

"पावसाच्या तोंडात?"

"नियम हाय त्यो," मामंजी म्हणाले. "वेदी उगवतीला, दार मावळतीला. नगरकडं समदी देवळं अशीच हायेत."

"नगरकडं पाऊस तरी पडतो का?"

"तू फक्की टाक. देवाच्या कामात पाऊस काय करतुया?"

मुळशीत गुरांच्या गोठ्याचंही दार कुणी मावळतीला ठेवत नाही. इथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, आणि येतो तो मावळतीकडूनच. हे सगळ्यांना माहीत होतं. पण सगळ्यांना वाटलं, रोमचा नियम असेल, आपण कोण बोलणार? मी तर नगरची. मला पाऊस म्हणजे पाहुणा वाटायचा, आला तर आला. फादर सायकलवरून यायचे, काम बघायचे आणि त्यांच्या शुद्ध मराठीत विचारायचे, "मंडळी, सर्व काही व्यवस्थित आहे ना?" सगळे एका सुरात म्हणायचे, "व्हय, फादर."

बांधकाम मात्र देखणं झालं. काळा दगड इथल्याच डोंगरातला, तो आमच्याच माणसांनी फोडला आणि घडवला. आमचे हे दिवसभर छिन्नी चालवायचे आणि संध्याकाळी त्यांच्या भुवयांत दगडाची पांढरी पूड असायची. चुन्याची घाणी देवळाच्या अंगणातच होती. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चरातून चुना मळत जायचं आणि आम्ही बायका त्यात गुळाचं पाणी घालायचो. त्या पाण्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. लहान पोरं बोटं घालून चाटायला बघायची आणि तोंड पोळून रडायची. भिंती दोन हात जाड. छपराला सागवानी कैच्या आणि त्यावर मंगळुरी कौलं. पुढच्या भिंतीचा त्रिकोण वर निमुळता होत गेलेला, त्यात एक छोटी कमान आणि कमानीत घंटा. दाराची कमान तर गवंड्यानं अशी जुळवली की खालचा लाकडी साचा काढला त्या दिवशी तो स्वतःच खाली जाऊन उभा राहिला. म्हणाला, "पडली तर आधी माझ्यावर पडंल." पडली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आषाढात पहिली मिस्सा भर पावसात झाली. वहाणा आम्ही वरच्या पायरीवर काढून आत बसलो होतो. फादरांचं प्रवचन रंगात आलं आणि बाहेरून वाऱ्यापावसाचा एकच सपकारा आला. दाराला आतून लाकडी आडणा होता, तो मोडून दोन्ही फळ्या आत आपटल्या. पाणी मधल्या मोकळ्या जागेतून ओढ्यासारखं वेदीकडं निघालं, आणि त्याच्यामागून आमच्या वहाणा तरंगत आत आल्या. एक वहाण पार वेदीपर्यंत गेली. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शेजारणीला म्हणाल्या, "हिला लई भक्ती!" त्या दिवशी देवळात हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखल्या.

फादर हसले नाहीत. मिस्सा झाल्यावर त्यांनी मामंजींना बाजूला घेतलं.

"मास्तर, पाऊस या दिशेने येतो हे आपल्याला ठाऊक होतं?"

"व्हय, फादर."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाई."

"मी प्रत्येक वेळी विचारलं, सर्व व्यवस्थित आहे ना?"

"आता फादरला न्हाई कसं म्हनायचं?" मामंजी म्हणाले. "आमाला वाटलं नियम हाय."

"नियम वगैरे काही नाही हो! नगरला तसं सोयीचं होतं, एवढंच."

मामंजींचा चेहरा असा झाला की माझं हसू तिथंच जिरलं. गवंड्याला 'तू फक्की टाक' म्हणणारे तेच होते.

त्याच पावसात पानशेत फुटलं, तेव्हा लोक म्हणाले, हे वर्षच वाईट होतं, देवळाचा काय दोष? पुढच्या वर्षी कुठलं धरण फुटलं नाही. पाणी मात्र तेवढंच आत आलं. मग मामंजींनी गवताची आणि पळसाच्या पानांची मोठी झड बांधली. घराच्या भिंतीला पावसाळ्यात लावतात तशीच, पण देवळाच्या दाराएवढी. ती एक आठवडा टिकली. एका सकाळी खालच्या खाचरांच्या मालकीणबाई, गावच्या थोरल्या पाटलीणबाई, डोक्यावर इरलं घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमच्या देवाचं दार माझ्या खाचरात येऊन पडलंय. रोपं दाबली त्यानं."

मामंजी गडबडून हात जोडू लागले, तर त्या म्हणाल्या, "हात काय जोडताय? दार फिरवा की. गोठ्यातल्या गाईला कळतं पाठ पावसाकडं करायची, तुमाला कळंना?"

"पैसा न्हाई, बाई. मिशन म्हनतंय, दुसऱ्या गावांना अजून छप्पर न्हाई, तुमचं देऊळ उभं हाय, तवर थांबा."

पाटलीणबाईंनी वळून देवळाकडं पाहिलं. लावणीच्या दिवसांत त्यांच्या शेतावरच्या बायका पाऊस फार झाला की आमच्या देवळात येऊन बसायच्या. पोरं तिथंच निजवायच्या. भिजलेली पोरं त्यांनीही पाहिली होती. म्हणाल्या, "किती लागतील?"

गवंड्यानं सातशे सांगितले होते. उगवतीच्या भिंतीत नवी कमान पाडायची, वेदी हलवायची, जुनं दार दगडानं बुजवायचं आणि नव्या दारापुढं पडवी काढायची.

"मी देते," त्या म्हणाल्या. "व्याज नको. पन हे पैसे नातीच्या लग्नाला ठेवलेत. पोरगी आज अकरा वर्साची हाय. तिचं लगीन निघायच्या आत मला समदे माघारी पायजेत. माझ्या पोरांना ह्यातलं ठावं न्हाई. लगीन आलं आन् पैसे न्हाई आले, तर घरात माझं तोंड राहत न्हाई."

मिस्सेसाठी आदल्या दिवशीच आलेले फादर आतून बाहेर येऊन म्हणाले, "मी लिहून देतो." पाटलीणबाईंनी मान हलवली. "तुमी आज हाय, उद्या तुमची बदली. मास्तर, तुमी बोला."

"शब्द माझा," मामंजी म्हणाले. "चूक बी माझीच हाय."

त्या उन्हाळ्यात देऊळ फिरलं. कैच्यांना खालून धिरे दिले, उगवतीच्या भिंतीचे दगड एकेक करून काढले आणि नवी कमान बसवली. जुन्या दारात भिंत आली, आणि तिच्या आतल्या बाजूला वेदी. जुन्या कमानीच्या वर एक गोल खिडकी होती, ती तशीच ठेवली. त्यामुळं संध्याकाळच्या प्रार्थनेला मावळतीचं ऊन बरोबर वेदीच्या डोक्यावरून आत येतं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, तरी फादर येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या अभिमानानं दाखवायचे. घंटा हलवायला पैसे उरले नाहीत. म्हणून आमची घंटा आजही देवळाच्या पाठीमागून वाजते. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये, लोकांकडं पाठ करून व्हायची; पुढं दोन-तीन वर्षांनी ती मराठीत आली आणि फादरांनी लोकांकडं तोंड करावं असा हुकूम आला. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आमी देऊळ फिरवलं ते बगून आता फादर बी फिरले!"

देणं मात्र होतं तिथंच होतं. मामंजी गाय विकायला निघाले, तर आत्याबाई दावं धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "देवळाचं देनं समद्यांचं हाय. माझी गाय काय एकटी ख्रिस्ती हाय?"

माझ्या माहेरी एक रीत होती. रोज दळायला बसताना बायका देवाच्या नावानं एक मूठ बाजरी बाजूला टाकायच्या. मी हे आत्याबाईंच्या कानात सांगितलं. माझं चुकलंच म्हणायचं, कारण रविवारी त्यांनी भर देवळात मोठ्यांदा सांगितलं, "आमची सून म्हनतीय, रोज शिजवायच्या आदी एक मूठ तांदूळ बाजूला टाका." आणि मग सगळ्या बायका म्हणाल्या, जिची कल्पना तिच्याच डोक्यावर पाटी.

दर शनिवारी मी घरोघर जायला लागले. दारात जाऊन उभी राहायची, बोलायची नाही. बांगडी वाजली की आतून आवाज यायचा, "आली गं मुकी मूठ!" एक काकी तर मुद्दाम म्हणायची, "कोन हाय? कुनीच बोलंना. वारा असंल." आणि दाराआडून माझी गंमत बघायची. मी घामाघूम व्हायची. पण मूठ मिळायची. पावसाळ्यात ती लहान व्हायची, सुगीला मोठी. एका घरी सहा पोरं होती, तिथली मूठ बाई आपल्या धाकट्याच्या हातानं घालायची.

पहिल्यांदा तांदूळ घेऊन आमचे हे पौडच्या बाजारात गेले. व्यापाऱ्यानं हात घालून बघितलं. आंबेमोहर, जाडा, कण्या, लाल साळीचा, सगळं एकत्र. तो म्हणाला, "हा तांदूळ न्हाई, ही ग्रामसभा हाय. कुनी घ्यायचं न्हाई." आमचे हे पोतं परत घेऊन आले आणि अंगणात टाकून बसले. आत्याबाईंनी मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, जरा बघितला आणि म्हणाल्या, "मग पीठ करा. पीठ झाल्यावर कोन जातपात इचारतंय?"

आमच्या ओसरीवर दोन जाती मांडली. शनिवारी दुपारी बायका पाळीपाळीनं दळायला बसायच्या. पौडच्या एस.टी. थांब्यापाशी एक खाणावळ होती, तिथं भाकरीला ते पीठ जायला लागलं. खाणावळवाला म्हणायचा, ह्या पिठाला वास फार चांगला येतो. येणारच, त्यात आंबेमोहर होता. माझे ते दिवस फार सुखाचे गेले. जात्याच्या आवाजात माझं न बोलणं कुणाला कळायचंच नाही.

दर नाताळाच्या आधी मामंजी जमलेले पैसे पाटलीणबाईंना नेऊन द्यायचे. पाटलीणबाई मोजायच्या आणि नातीला हाक मारून शेजारी उभं करायच्या. "बगा मास्तर, औंदा माझ्या खांद्याला लागली. पोरगी वाढतीय, तुमचं देनं काय तसं घटंना." मामंजी घरी येऊन सांगायचे, "ती पोरगी लई उंच व्हनार हाय." जशी काही पोरीचीच चूक.

आणि एका माघात निरोप आला. मारुंजीचं स्थळ आलं, पसंती झाली, लग्न चैत्रात. पाचवा हिस्सा अजून राहिला होता. नेहमीच्या मुठीनं तो फिटायला वर्ष गेलं असतं.

मामंजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या आळीनं जायचं टाळून डोंगराकडून वळसा घालून आले. मग दाव्याला हात घातला. या वेळी आत्याबाईंनी गाय धरून ठेवली नाही, नुसत्या डोळे पुसत उभ्या राहिल्या. घरात लहान बाळ होतं माझं, त्याचं दूध त्या गाईचं होतं.

मी म्हणाले, "मामंजी, उपासकाळ लागतोय." सासऱ्यांशी इतकं सरळ मी पहिल्यांदाच बोलले असेन.

पुनरुत्थानाच्या सणाआधी चाळीस दिवस आमचा उपासकाळ असतो. त्यात लोक काही ना काही सोडतात. मी म्हणाले, सगळ्यांनी रात्रीचा भात सोडला आणि नाचणीची भाकरी खाल्ली तर?

"माझ्या चुकीपायी लोकांची तोंडं बांधू? मी न्हाई इचारनार," मामंजी म्हणाले.

ते विचारणार नव्हते. आत्याबाईंचा घसा बसलेला, आणि आमचे हे खडीच्या कामावर लांब गेलेले. शनिवारी मी पाटी घेऊन निघाले, ती पहिल्याच दारात त्या थट्टेखोर काकीपुढं जाऊन उभी राहिले. बांगडी वाजली.

"कोन हाय? वारा असंल."

"मी हाय," मी म्हणाले. "काकी, चाळीस दिस रातचा भात द्याल का? पाटलीनबाईंच्या नातीचं लगीन निघालंय. मामंजींचा शब्द अडलाय."

काकीच्या हातातली परात खणकन खाली पडली. "अगं बया! मुकी बोलली!" ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली आणि माझ्या पुढं धावत सुटली. "आगं ऐकलं का, मुकी बोलली! रातचा भात मागतीय!" तिसऱ्या घरापर्यंत माझ्यामागं निम्मी आळी होती, आणि चौथ्या घरी मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. सहा पोरांची बाई म्हणाली, "माज्या पोरांना नाचनी आवडती. आवडत नसली तरी आजपासनं आवडती."

ते चाळीस दिवस सगळी वस्ती नाचणीची भाकरी आणि आंबील यांवर राहिली. पुरुषमाणसं कुरकुरायची. आमचे हे सुट्टीला आले आणि ताट बघून म्हणाले, "हे तू बोलली म्हनून? मग आदीचीच बरी होतीस." पण दोन घास जास्तच खाल्ले. जाती रोज फिरली. खाणावळवाल्याच्या पिठाच्या कोठ्या भरल्या, तर त्यानं पुढच्या गावच्या खाणावळीचं नाव सांगितलं.

चैत्रात सण झाला आणि दुसऱ्याच दिवशी मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, चल." पैसे लुगड्याच्या जुन्या धडप्यात बांधून मी त्यांच्यामागं निघाले. पाटलांच्या दारात मांडवाचे खांब पुरणं चाललं होतं. इतकी वर्षं मामंजी अंगणात उभं राहूनच पैसे द्यायचे, तसेच ते आजही उभे राहिले. पाटलीणबाई ओट्यावर होत्या. त्यांनी धडपं सोडलं, चुरगळलेल्या नोटा गुडघ्यावर दाबून सरळ केल्या, चिल्लर वेगळी केली आणि ओठ हलवत मोजायला लागल्या. अर्ध्यात थांबल्या.

"उबं का? बसा मास्तर. तू बी बस गं."

मामंजी ओट्याच्या कडेला बसले. मी त्यांच्यामागं बसले. मांडवाचं काम करणारे गडी आमच्याकडं बघायला लागले, तर पाटलीणबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते खांबाकडं वळले. त्यांनी सगळे पैसे पुन्हा पहिल्यापासून मोजले. आठ आणे जास्त निघाले. ते उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवले.

"हे तुमचं. तुमचं मी ठेवून घेतलं तर उलटं माज्यावर चडंल."

मग नोटांची घडी करून कनवटीला खोचली, वरून पदर ओढला आणि आतल्या गडबडीकडं कान देत म्हणाल्या, "फिटलं, मास्तर. समदं फिटलं."